तिरपा आरसा

शिलाबाई,

काल जवळ्याच्या बाजारात परदेशातून आलेल्या, मशीनवर शिवलेल्या आरशांच्या चोळ्या टांगल्या होत्या. आपल्या तांड्याच्याच बाया त्या घेऊन राहिल्या होत्या. व्यापारी मला म्हणला, "आता तुमचं हातकाम नको." वाऱ्यानं चोळ्या हलल्या, आरशांतलं ऊन तळ्यासारखं लहरलं अन् मी त्यातच तरंगत राहिले.

मग दिसलं, हरेक चोळीच्या खांद्यावरचा एक आरसा तिरपा. तू डावखुरी, तुझा तेवढाच आरसा तिरपा बसायचा. मरायच्या आधी तू शिवलेली चोळी ह्याच व्यापाऱ्यानं नमुना म्हणून नेली होती.

बाई, समुद्रापल्याड मशीन अजून तुझ्यावाणीच चुकून राहिलंय. माझं काम त्या चोळीनं खाल्लं. तरी एक घेऊन आले, तुझा हात म्हणून.

तुझी धाकली बहीण,
भिका