तिन्ही प्रती एकाच कपाटात

धाकटे,

थोरलीचे आशीर्वाद. आत्ता नको असतील तर ठेवून दे, पुढे कामी येतील. गुडघा काय म्हणतो? रक्तदाबाची गोळी घेतेस ना, की डॉक्टरला वाईट वाटू नये म्हणून नुसती उशाशी ठेवतेस? मी ठणठणीत आहे. सुनेला विचारलंस तर म्हणेल, जरा जास्तच.

आमची नात (तीच, जेवताना मांडीवर कॉम्प्युटर घेणारी) एका कंपनीत हजारो लोकांची माहिती सांभाळते. स्वतःची छत्री सांभाळता येत नाही, ते सोड. तिला मी फोनमधला ह्यांचा आवाज ऐकवला. अकरा सेकंदांचा आहे. "अगं, माझा चष्मा कुठे ठेवलास?" एवढंच म्हणतात. (चष्मा डोक्यावर होता. आवाजात दिसत नाही, पण मी तिथे होते.) ते गेल्यापासून घरात मला चष्मा कुणी विचारत नाही, म्हणून ठेवलाय.

नात म्हणाली, आजी, एकाच फोनच्या भरवशावर राहू नकोस. तीन प्रती हव्यात, एक दुसऱ्या घरात, आणि पासवर्ड असा की फक्त तुलाच ठाऊक. मग मला नेटवर्क समजावलं. आपण पाठवू ते म्हणे तुकडे होऊन जातं, प्रत्येक तुकड्याला नंबर, कुठला कुठून जाईल नेम नाही. पलीकडे नंबर बघून जोडतात, एखादा हरवला तर परत मागवतात. मी म्हटलं, तुझी धाकटी आजी गोष्ट सांगते तसंच, फक्त तिचा हरवलेला तुकडा जन्मात परत येत नाही. फायरवॉल म्हणजे आमच्या समोरच्या खिडकीतली बाई. कोण, कुणाकडे, कशाला, हे विचारल्याशिवाय जिन्यावर पाऊल ठेवू देत नाही. हिला पगार नाही, एवढाच फरक.

तर नातीने आवाज एका चपट्या डिस्कमध्ये भरला, एका बोटभर पेनड्राइव्हमध्ये भरला, आणि तिसरा फोनमध्ये होताच. मी चौथी शिकलेली असले तरी वस्तू कशी सांभाळायची हे मला कुणी शिकवू नये. तिन्ही लोखंडी कपाटात ठेवल्या. फोनसुद्धा (चोर आधी तोच नेतो). पासवर्डचा कागदही तिथेच. आणि दार ढकललं. ते ढकललं की आपोआप लागतं. किल्ली कुठे? आत, साड्यांखाली. दुसरी किल्ली? ती हरवू नये म्हणून पहिलीच्या शेजारी.

मुलगा हातोडा घेऊन आला. मी कपाटाला पाठ लावून उभी राहिले. म्हटलं, आत तुझे वडील आहेत, आधी मला मार. नात जमिनीवर बसून हसत होती. म्हणे, "आजी, तुझ्याइतकं सुरक्षित जगात कुणी नाही. तुला स्वतःलाही आत जाता येत नाही!"

शेवटी किल्लीवाला बोलावला. त्याने एक तार घातली, दोनदा खोकला, आणि दार उघडलं. म्हणाला, "आजी, कुलूप चोरासाठी नसतंच, ते घरच्यांना अडवायला असतं." नातीने खात्रीसाठी डिस्क लावली. ह्यांनी चष्मा विचारला, तर किल्लीवाल्याने आपला खिसा चाचपला! मग मला उगाच कपाट पुसावं लागलं, बराच वेळ.

बाकी सगळं क्षेम.

तुझी थोरली

ता. क. पुडक्यात ती चपटी डिस्क आहे. दुसरं घर म्हणजे तुझंच. ओलीपासून लांब ठेव, आणि कपाटात मुळीच ठेवू नकोस.

ता. क. पुन्हा: किल्लीवाल्याने कागद वाचला, म्हणून नातीने पासवर्ड बदलायला लावला. नवा इथे लिहीत नाही. कुलूप आणि किल्ली एका पुडक्यात घालू नये, एवढं आता शिकले. आई चिडली की मला ज्या नावाने हाक मारायची, ते. ते ठाऊक असलेल्या आता आपण दोघीच. नातीच्या नियमाने एक प्रत कमीच पडते. तेव्हा गोळी उशाशी ठेवू नकोस, गीळ.