वल्ह्याला लावलेला कान

मंगळवार, सकाळची कामं आटोपल्यावर

माझ्या चिमणे,

तुला आजीचे पोटभर आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं मजेत. तू तर असणारच, कारण तुझी आई म्हणाली की त्या बोटींच्या सामानाच्या दुकानात तुला कायमचं ठेवून घेतलं. अगं, काय आनंद झाला मला! गॅसवर दूध होतं, ते सगळं उतू गेलं तरी मी आपली हसत उभी. मग गल्लीभर सांगून आले. ज्यांना सांगून झालं होतं त्यांनाही परत सांगितलं. आपल्या घरात आजवर होडीत बसणारेच झाले, होडीचं सामान विकणारी तू पहिली.

तू म्हणशील, आजीने फोन का नाही केला. आमच्या फोनचा आवाज हल्ली इतका मोठा ठेवलेला असतो की घरात बोललेलं धक्क्यावर कळतं. आणि मला जरा खाजगीतलं विचारायचं आहे. माझं शिक्षण तुला ठाऊकच आहे, शाळेच्या एका दाराने आत गेले आणि धाकट्या भावाला सांभाळायला दुसऱ्या दाराने बाहेर आले. तेव्हा अक्षर सांभाळून घे.

तर, पाण्यातले मासे दाखवणारं यंत्र असतं ना, ते तुमच्याकडे मिळतं का? लहान होडीला पुरेल असं. मोठ्या बोटीवरचं टीव्हीएवढं नको. परवडणारं हवं. टोपल्या विणून थोडं साठवलंय मी, त्यात बसलं तर बरं, नाही बसलं तर आणखी विणीन. उन्हात नीट दिसायला हवं. आणि त्यात आवाज येतो की चित्र? चित्राचं बघ. आवाजाचं अजिबात नको.

माझ्यासाठी नाही हो. आपल्या शेजारचा जाळीवाला आहे ना, त्याच्यासाठी विचारते. यंदा मासळीच नाही. सगळ्या होड्या गेल्या तशा परत येतात. लोक म्हणतात मासळी हे पाणी सोडून गेली. जाळीवाल्याने होडीला नवा रंग दिलाय. मी म्हटलं, "अरे वा, होडी नटवलीस!" तर म्हणाला, "काकी, नवरी दाखवायची आहे. विकतोय." मला पुढे काही बोलताच येईना. मला! विचार कर.

आजोबा बरे आहेत. जेवतात व्यवस्थित. बोलतात कमी, पण आमच्या घरी बोलण्याचं खातं पहिल्यापासून माझ्याकडेच. तुझ्या नोकरीचं सांगितलं तर मान डोलावली आणि दोर गुंडाळत बसले. आहे हे असं आहे. लवकर लिही. उशीर नको.

तुझी आजी


रविवार

चिमणे,

तुझं पत्र आलं. किती गं सुंदर अक्षर! मी ते पिठाच्या डब्यामागे ठेवलंय आणि पीठ काढताना दर वेळी वाचते. म्हणून कोपऱ्याला पांढरं झालंय.

तू विचारलंस, पाणी किती खोल, होडी लाकडाची की फायबरची, आणि यंत्राचा तो पाण्यातला डोळा कुठे बसवणार. होडी लाकडाची. खोली म्हणशील तर आपला लांब बांबू बुडतो आणि वर आणखी दोन माणसं बुडतील इतकी. डोळा होडीला भोक पाडून बसवायचा नको. काठाला अडकवता आला आणि घरी येताना काढता आला तर बरं.

तीन यंत्रं तू समजावलीस. त्यातलं नकाशेवालं तर बाजूलाच ठेव, आमच्या पाण्याचा नकाशा घेऊन मी काय करू, भिंतीला लावू? दोरीला बांधून फेकायचा चेंडू आणि फोनवर चित्र, हे ऐकायला गंमतशीर आहे, पण ओल्या हाताने तो फोन मला चालवता येत नाही. तिसरं ते लहान, करड्या रंगाच्या चित्राचं, चिमट्याने अडकवायचं, तेच दे. त्याची टिकटिक बंद होते असं तू लिहिलंस, तिथेच मी ठरवलं.

आणि शेवटी तू लिहिलंस, "आजी, आजोबांचा कान असताना धक्क्यावर कुणाला यंत्र कशाला लागेल?"

हुशार आहेस. आईवर गेली नाहीस, माझ्यावर गेलीस.

तुला आठवतं, लहानपणी तुला होडीत नेलं होतं? आजोबांनी वल्हं पाण्यात उभं सोडलं, दांडा आधी स्वतःच्या कानाला लावला, मग तुझ्या. खाली मासळीचा थवा घुरघुरत होता, टकटकत होता. तू म्हणालीस, "आजोबा, कुणीतरी दार वाजवतंय." धक्क्यावर सगळ्यांना वल्हं आहे आणि सगळ्यांना कान आहेत, पण कुठला थवा किती मोठा, कुठल्या जातीचा, कुठे निघालाय, हे कळणारा कान एकच. म्हणून सगळे यांच्या मागून जातात. हे वल्हं सोडतात, बाकीचे आपापल्या होडीत श्वास धरून बसतात. यांनी जाळं टाकलं की सगळ्यांची जाळी पडतात. हीच इथली रीत.

पोरी, तो कान गेलाय.

लिहिलं एकदाचं. कधी गेला ते त्यांनी मला सांगितलं नाही. दूधवाला दार बडवून गेला आणि हे दाराशेजारीच बसलेले, तेव्हा मला कळलं. मला कळलं हे त्यांना कळलं की नाही, ते मला कळत नाही. डॉक्टरचं नाव काढलं की उठून होडीकडे जातात. रोज जातात, वल्हं कानाला लावतात, डोळे मिटतात, थोड्या वेळाने अंदाजाने जाळं टाकतात. त्यांच्यामागे सगळे. रिकाम्या पाण्यात सगळ्यांची जाळी! आणि कुणाच्या स्वप्नातसुद्धा येत नाही की चूक कानाची असेल. मासळीच गेली म्हणतात. मासळी कुठे जाणार गं, ती खाली टकटक करत असेल.

मला झोप लागत नाही. जाळीवाल्याची होडी बघायला माणसं येऊ लागली. सांगितलं तर यांचा जीव जाईल. नाही सांगितलं तर त्याची होडी जाईल.

अजून एक आहे. मागे दाट धुकं होतं, मोठ्या बोटीने भोंग्यावर भोंगा दिला. सगळे ओरडले, होड्या बाजूला घेतल्या. आजोबा तसेच वल्ह्याला कान लावून. बोट इतकी जवळून गेली की लाटेने होडीतली टोपली वाहून गेली. आणि लोक काय म्हणाले, सांगू? "काय धीर आहे म्हाताऱ्याचा! नक्की मोठा थवा लागलाय." आणि तिथेच जाळी टाकली!

त्या दिवसापासून मी सोबत जाते. म्हणतात, "तुला काय काम पाण्यात?" मी म्हणते, "घरात करमत नाही." माझी बडबड ऐकायला येत नाही म्हणूनच नेतात बहुतेक. मी भोंग्यासाठी कान देऊन बसते आणि आला की त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवते.

यंत्र आलं की ते झाकणाच्या टोपलीत ठेवीन. पुढचं मला सुचलंय, पण लिहीत नाही. तू रागावशील. आईला काही बोलू नकोस. लवकर पाठव गं, हात जोडते.

आजी


शुक्रवार, धक्क्यावर

चिमणे,

हे पत्र मी धक्क्यावर उलट्या टोपलीवर बसून लिहिते आहे. धुकं इतकं आहे की माझेच पाय मला दिसत नाहीत. हात रिकामे राहिले तर मी ओरडत सुटेन, म्हणून लिहिते.

यंत्र सोमवारी आलं. तू लिहून दिलंस तसं सगळं केलं. चिमटा माझ्या बाजूच्या काठाला, वायर टोपलीखालून आणि पेटी टोपलीत. झाकण जरा वर करायचं आणि बघायचं. आधी नुसता तळ दिसला, वाळवलेल्या कातड्यासारखा. मग मासे! कापलेल्या नखांसारखे, बारीक बारीक चंद्रकोरी, आधी एक, मग ढीगभर. मला वाटलं मी ओरडेनच. त्या लहानशा पेटीने खरं सांगितलं गं, तुझी निवड चुकली नाही.

आणि मी जे केलं ते आता ऐक. आजोबांनी वल्ह्याचा दांडा कानाला लावून डोळे मिटले होते. मी हळूच हात लांबवला आणि बोटाच्या पेराने दांड्यावर वाजवलं. टक टक, टक टक. कान गेला तरी हाडाला कळत असावं. त्यांचा चेहरा! बाई गं, लग्नानंतर पहिल्यांदा मला होडीत बसवलं होतं तेव्हा होता, तसा. "आले," म्हणाले. "आले, आले!" आणि जाळं टाकलं. बाकीच्यांनी टाकलं. सगळ्यांची जाळी भरली. जाळीवाल्याने बघायला आलेल्या गिऱ्हाईकाला धक्क्यावरूनच परत पाठवलं. त्याची बायको माझ्या गळ्यात पडून रडली. मी पण रडले, पण माझं कारण वेगळं होतं.

तीन दिवस असं चाललं. मला वाटलं मी जग जिंकलं.

आज पहाटे उठले तर अंथरूण रिकामं. ओट्यावर चहाचा कप धुऊन पालथा घातलेला. काल जेवताना म्हणाले होते, "आता तू येऊ नकोस, तुझे गुडघे दुखतात. माझा कान परत आलाय." मी मान हलवली. वाटलं, सकाळी बघू.

मीच परत दिला ना तो कान! मीच पाठवलं त्यांना. यंत्र इथे माझ्या मांडीवर आहे आणि ते धुक्यात आहेत, आणि सगळ्या होड्या त्यांच्या मागे. मी धावत आले तेव्हा शेवटची होडीसुद्धा निघून गेली होती. मी हाका मारल्या. ज्याला ऐकू यायला हवं त्यालाच येत नाही.

आता भोंगा झाला. मोठ्या बोटीचा.

परत झाला. जवळून.

यंत्र खालचं दाखवतं, चिमणे. समोरचं नाही दाखवत.


तेच पत्र, दुपारी, घरी

आले. सगळे आले. धुकं विरल्यावर एकेक होडी दिसायला लागली आणि मी मोजायचंच विसरले, मी फक्त एकच शोधत होते. ती जाळीवाल्याच्या होडीला दोराने बांधलेली होती.

जाळीवाल्याने सांगितलं ते असं. आजोबा दांडा कानाला लावून बसले. बाकीचे वाट बघत राहिले. भोंगा झाला तसा हाच धावला आणि यांची होडी ओढून बाजूला घेतली. तरी यांनी डोळे उघडले नाहीत, ऐकतच होते. ऊन वर आलं. मग वल्हं पाण्यातून वर घेतलं, होडीत आडवं ठेवलं आणि सगळ्यांना म्हणाले, "मला ऐकू येत नाही. बरेच दिवस झाले. मासळी कुठे गेलेली नाही. माझ्या मागे येऊ नका."

मग याने दोर टाकून यांची होडी आपल्या होडीला बांधली.

"काकी, आधी सांगायचं होतंत," जाळीवाला म्हणाला. रागात होता, पण नाक पुसत होता. मी त्याच्या हातात यंत्र दिलं आणि नखांसारखे मासे कसे ओळखायचे ते सांगितलं. पहिल्या पत्रात मी तुला थाप मारली होती ना, त्याच्यासाठी हवंय म्हणून? झाली खरी.

आजोबा जेवले नाहीत. वल्हं घरात घेऊन आले, कधी आणत नाहीत. त्याचं पातं माझ्या मांडीवर ठेवलं, दांडा स्वतःच्या कानाला लावला आणि बराच वेळ माझ्या बोटांकडे बघत राहिले. मला वाटलं, आता बोलतील काहीतरी, आयुष्यभराचं.

म्हणाले, "वाजव ना गं परत."

मी वाजवते आहे. मधे मधे हे लिहिते. त्यांनी डोळे मिटलेत.

बोटाचं पेर सुजलंय, म्हणून खालच्या ओळी वाकड्या आल्या. सुट्टी मिळाली की ये. माझा हात दुखायला लागला की थोडा वेळ तू वाजव.

तुझी
आजी