सोबतीची आत्या

२ ऑक्टोबर
अखेर घर मिळालं! शहरापासून बसनं तासाभरावर. शेवटच्या थांब्यामागे गर्द झाडी आणि झाडीत पाचसहा बैठी घरं. दोन खोल्या, उजेडाचं स्वयंपाकघर, खिडकीला टेकलेली फांदी. शेजारीच राहणाऱ्या मालकीणबाईंची एकच अट होती, एकट्या माणसाला घर देणार नाही. एकटी माणसं म्हणे विचित्र होत जातात. मी सडाफटिंग. पण अर्धं आयुष्य लोकांच्या खोल्यांत कॉट भाड्यानं घेऊन काढलं, आता हे घर हातचं घालवायचं नव्हतं. ठोकून दिली लोणकढी थाप : सोबत आत्या असते, गुडघ्यांमुळे बाहेर पडत नाही. माझ्या वडिलांना मुळात बहीणच नव्हती.

६ ऑक्टोबर
समोरचे निवृत्त पोस्टमास्तर भारी चौकस. आत्याबाई कशा आहेत, दिसल्या नाहीत, वगैरे. एक खोटं पचवायला दहा लागतात. करडी शाल, तापट स्वभाव, दुपारची झोप, सगळं तिथल्या तिथे रचलं. मग जुन्या बाजारातून बायकी चपला आणून दारात ठेवल्या आणि दोन कप धुऊन पालथे घातले. चष्म्याच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांना ‘आता दिसतंय का?’ विचारत बसतो, त्यापेक्षा यात गंमत आहे.

११ ऑक्टोबर
मास्तर म्हणाले, आत्याबाई खिडकीत बसल्या होत्या, मी हात केला तर त्यांनीही केला. म्हातारा फिरकी घेतोय माझी. मीही मान डोलावली.

१५ ऑक्टोबर
कामावरून आलो तर स्वयंपाकघरात दिवा. दुसरा कप ओला. बायकी चपलांच्या तळाला ताजा चिखल. आणि दाराचं कुलूप तर आत्ता मीच उघडलं होतं. पण खरं लिहायचं तर आजवर माझ्यासाठी कुणी दिवा लावून ठेवला नव्हता. बराच वेळ तो मालवला नाही.

१९ ऑक्टोबर
हल्ली निघताना ‘येतो’ म्हणतो, परतल्यावर ‘आत्या, मी आलो.’ उत्तर येत नाही, तरी बरं वाटतं. आज मास्तरांनी दटावलं. तुम्ही न जेवताच झोपता असं आत्याबाई सांगत होत्या, म्हणाले. खरं आहे ते. पण मी कुणाजवळ बोललेलो नाही.

२४ ऑक्टोबर
मास्तरांना माझी हाक ऐकूच गेली नाही. माझ्या खांद्यावरून खिडकीकडे बघून हसले. मालकीणबाईंचंही तेच. घरात माझ्या टॉवेलच्या जागी करडी शाल. ओसरी दिली की हातपाय पसरतात, म्हणतात ना —

२७ ऑक्टोबर
दुपारी मालकीणबाई आल्या. मी तिथेच बसलेला, पण त्या समोरच्या रिकाम्या खुर्चीशी बोलत होत्या. मग आवाज आला. बाईचा, थकलेला, गोड. माफी मागत होता. एकटीला कुणी घर देत नाही, म्हणून सोबत भाचा असतो अशी थाप मारली. मला भाऊच नाही हो, भाचा कुठून येणार?
मालकीणबाई हसल्या. असू दे म्हणाल्या, तुम्ही काही विचित्र नाही.
मी ओरडलो. कुणी वळूनही —

२८ ऑक्टोबर
दुकानात माझ्या स्टुलावर दुसराच कुणी. मास्तरांच्या पुढ्यात उभा राहिलो. आता दिसतंय का? आता? — फाटकाची कडी लावून आत गेले.

२९ ऑक्टोबर
ओट्यावर एकच कप. माझ्या चपला कचऱ्यात.

३० ऑक्टोबर
पायरीवर बसून लिहितोय. किल्ली लागत नाही. आत दिवा आहे — माझ्यासाठीच ठेवला असेल. दुसरं आहे कोण तिला? एकदा हाक मारतो. नाही ओळखलं तर —
दिवा गेला.
आत्या, मी आ