शनिवारची झड आणि आमच्या विहीणबाई

मु. तांडा, घाटंजीजवळ
श्रावण, सन १९५९

धाकटा भाऊ धावजी यास थोरली बहीण भुरीबाई हिचे पोटभर आशीर्वाद. इकडे माणसं खुशाल, गुरं खुशाल, फक्त गवऱ्या ओल्या. तुझा गुडघा कसा आहे? ढग आले की तो दुखतो, म्हणजे गेले आठ दिवस तू अंथरुणावरूनच हुकूम सोडले असणार. पत्र वामन मास्तर लिहून राहिले आहेत. मी 'मले' म्हणते आणि ते 'मला' लिहितात. तू आपला 'मले' वाचत जा. (मास्तर, हेही लिहा. लाजू नका.)

तर धावजी, मी जिंकले. आधी निकाल ऐक, मग बाकीचं सावकाश सांगते. आमची सून, बाबूसिंगची जमनी, माझ्याच घरात, माझ्याच छपराखाली बाळंत झाली. नात झाली.

आता तू म्हणशील, पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. रीत मला शिकवू नकोस. रीत सातव्या महिन्याची आहे. जमनीची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई हंसाबाई, आल्या नवव्यात. का, तर पेरणी आटोपायची होती! शुक्रवारी दुपारी बैलगाडी दारात उभी केली आणि उतरायच्या आधीच म्हणाल्या, "पोरीचं गठुडं बांधा, आताच निंगतो आमी." अरे, तुमच्या बोरीकडची दोन दिवसांची गाडीवाट, पोरीचं पोट हे एवढं, आणि बाईला घाई! मी आभाळाकडे पाहिलं. चुलीचा धूर वर जाईना, अंगणातच लोळत होता. मडक्यातल्या मिठाला पाणी सुटलं होतं. मुंग्या तोंडात अंडी धरून भिंत चढत होत्या. आणि दुसरा दिवस शनिवार. शनिवारी लागलेली झड आठ दिवस हलत नाही, हे आपली याडी सांगायची, आठवतं ना? (मास्तर, 'याडी'च लिहा, 'आई' नको.) पण मी विहीणबाईंना यातलं काही बोलले नाही. एवढंच म्हटलं, लापशी टाकली आहे, जेवून घ्या, बैलांना विसावा द्या, पहाटे निघा. गूळ दुप्पट घातला. (पाप लागलं असेल तर लागो, लापशी छान झाली होती.)

पहाटे झड लागलेली. पाऊस कसा, गरजतो, पडतो, निघून जातो. झडीला जाणं माहीत नाही. वीज नाही, वारा नाही, आभाळ गोठ्याच्या छपराला टेकलेलं आणि दिवसभर झिमझिम. दुपारपर्यंत नाल्याला पूर आला. विहीणबाई दारात उभ्या राहून घटकेघटकेला विचारायच्या, "उतरला का नाला?" मी म्हणायची, "कायले उतरीन? त्याले थोडीच पेरणी आटपाची हाये?"

शाळा गळायला लागली म्हणून मास्तर आमच्या ओसरीत येऊन बसले. त्यांनी पेपरातलं वाचून दाखवलं. एकीकडून थंड वारा येतो, दुसरीकडून गरम वारा येतो, दोघे समोरासमोर ठाकतात आणि कोणीच मागे सरत नाही. मग ढग तिथेच अडकतात आणि खालच्यांचे हाल होतात. मी म्हटलं, मास्तर, यासाठी पेपर कायले पायजे? आमच्या चुलीपाशी येऊन पाहा. चुलीच्या उजव्या अंगाला हंसाबाई, डाव्या अंगाला मी, मधे ओल्या गवऱ्यांचा धूर. तिनं जात्यावर ज्वारी दळली की मी तेच पीठ पुन्हा चाळायची. मी गोधडी शेगडीवर वाळवली की ती हुंगून बाजूला ठेवायची. रात्री जमनीचे पाय चेपायचे तर उजवा पाय तिच्याकडे, डावा माझ्याकडे. शेवटी पोर म्हणाली, "पाय माहेच हायेत न?" रोज सकाळी विहीणबाई गठुडं बांधायच्या आणि रोज संध्याकाळी मी ते सोडायची, कापडांना बुरशी लागेल म्हणून. (खरंच लागली असती.)

गुरुवारी सकाळी कळा सुरू झाल्या. विहीणबाईंनी तेव्हाही नाल्याकडे एकदा पाहिलंच. मी म्हटलं, आता तिकडे काय पाहता, आत चला. दिवस मावळायच्या आत नात झाली. मुलीसाठी थाळी वाजवत नाहीत म्हणे. मी वाजवली. झडीतही आवाज पार नाल्यापलीकडे गेला, आणि तांड्यातल्या बायका डोक्यावर पोती घेऊन पाहायला आल्या.

रविवारी ऊन पडलं. याडीचा हिशेब बरोबर आठ दिवसांचा निघाला. पेपरात तेवढं कुठं लिहिलं होतं? काल विहीणबाई निघाल्या. तिकडे कपाशीच्या पऱ्हाटीत तण माजलं असेल म्हणाल्या. रिकामी गाडी घेऊन गेल्या. मी ओसरीत ताठ उभी राहून पाहिलं. सगळ्यांना हे सांग, आणि मोठ्यानं सांग.

तुझी थोरली बहीण भुरीबाई, हिचा अंगठा.

ता. क. पुढचं मोठ्यानं वाचू नकोस. पोर पायाळू आली. आधी पाय दिसले आणि मी पुढे केलेले हात मागे घेतले. मी भिंतीला टेकून उभी राहिले. हंसाबाईनं बांगड्या वर सारल्या, जमनीशी गाईच्या वेताच्या गप्पा मारत मारत पोर सोडवली, उलटी धरून रडवली आणि माझ्या पदरात टाकली. म्हणाली, "घ्या, तुमच्या घरची." ती शुक्रवारीच परत गेली असती, एकटी, तर इथे मी होते आणि माझे हे हात होते.

ता. क. दुसरा. यातलं मी तिला काहीच बोलले नाही. चार दिवस जीभ उचलली नाही, आणि काल गाडी निघून गेली. तर आता तुझं काम. बाजाराला ती तुमच्याकडे येते. तिला सांग, सव्वा महिना झाला की मायलेकींना न्यायला ये, चांगले तीन महिने ठेवून घे. आणि तोवरही येऊन जा, पोर तिच्याशिवाय कोणाच्या हातून न्हात नाही. ती विचारील, "भुरीबाईनं सांगतलं का?" तर नाही म्हण. हो म्हणालास तरी ती येईल, पण मग मला ते मरेपर्यंत ऐकावं लागेल.