मागालला मी ज्या घरी उतरलो

तूबा,
मागालनंतरचा पाचवा दिवस

न्गोनेताई,

धाकट्या भावाचा सलाम. तू शांततेत आहेस ना? घर शांततेत? गुडघे शांततेत? (डावा जरा कमी शांत असतो, म्हणून त्याची वेगळी चौकशी करतो.) सुना, नातवंडं, शेंगांची पोती, अंगणातली बदकं आणि शेजारची फातू, म्हणजे तिच्याशी तू पुन्हा बोलायला लागली असलीस तर, सगळे सुखरूप असोत. पाच-सहा दिवसांपूर्वीच तुझ्या दारातून निघालो, तरी रीत ती रीत. माझी प्रकृती उत्तम, भूक त्याहून उत्तम, मनाचं मात्र नीट सांगता येत नाही. फोनवर तू मला दुसऱ्या वाक्यापुढे जाऊ देत नाहीस आणि ही हकीकत दोन वाक्यांत मावणारी नाही, म्हणून लिहितो आहे.

तूबातल्या आपल्या चुलतभावाचा, गलायचा फोन तुला आला असेलच, की बिराम पोचला नाही आणि तू त्याच्या घरी पाठवलेला मेंढाही पोचला नाही. दोन्ही खरं आहे. पण आम्ही दोघंही तूबात पोचलो, यावर विश्वास ठेव. काओलाकहून गाडी सुटली तेव्हा तुझा मेंढा टपावर आणि मी खाली असा प्रवास सुरू झाला. वाटेत दोनदा मला वाटलं, त्याची जागा माझ्यापेक्षा बरी आहे. आत आम्ही बावीस जण होतो आणि माझ्या मांडीवर एका बाईची शिवणयंत्राची पेटी होती. (मागालच्या यात्रेला शिवणयंत्र कशाला, हे मी विचारलं नाही, विचारलं असतं तर सांगायला तिला रस्ताभर वेळ होता.) शहराच्या वेशीवर तपकिरीची डबी एका बाभळीखाली पुरली, कारण तूबात तंबाखू नेणं बरं नव्हे, आणि मेंढ्याची दोरी हातात घेऊन चालू लागलो. माणसं इतकी, की मशिदीचा मनोरा दिसत होता पण पुढच्याची टाच दिसत नव्हती. फोन तर सगळ्यांचेच मुके झालेले. गलायने खूण दिली होती: निळं फाटक, समोर कडुनिंब. ताई, त्या गल्लीत सगळीच फाटकं निळी आहेत, आणि कडुनिंब तर सरकारने मोजून लावल्यासारखे.

एका निळ्या फाटकात उभा राहून मी विचारलं, "गलायचं घर हेच का?" एक म्हातारी बाई हात पुसत पुढे आली, मेंढ्याची दोरी माझ्या हातातून घेतली आणि म्हणाली, "या, या. आज जो येईल तो आमचाच." मागालच्या दिवशी पाहुण्याला तू कोण, कुणाचा, असं विचारणं म्हणजे त्याचा अपमान, हे तुला मी काय सांगू! तिने फक्त आडनाव विचारलं.

"न्जाय," मी म्हणालो.

"अरे देवा, न्जाय!" ती आत ओरडली. "पोरींनो, भाताची पातेली झाका! खादाड आला!"

म्हणजे ही जोप; न्जायला खादाड म्हणायचा पिढीजात हक्क त्यांचा, आणि त्यांना म्हणायचा आपला. मग मी कशाला सोडतो? म्हटलं, "जोपच्या पातेल्यात झाकण्यासारखं असतं तरी काय?" अंगण हसलं, माझ्या हाती मिरीची कॉफी आली आणि तुझ्या मेंढ्याला कुणीतरी मागच्या अंगणात नेलं. दुपारपर्यंत तो तीन परातींमध्ये वाटला गेला होता. शेजारच्या परातीवरच्या एकाने "गलाय कोण?" असं मला विचारलं तेव्हा माझ्या तोंडात त्याच मेंढ्याचा घास होता. गिळल्याशिवाय उत्तर देणं असभ्य, आणि गिळल्यावर उत्तर द्यायला उशीर झाला होता.

इथवर हसण्यासारखं आहे. पुढचं नाही.

त्या बाईंचं नाव याय दाबा. सगळी गल्ली त्यांना आईच म्हणते. मी न्दारच्या पोस्टात होतो, हे जेवताना सगळ्यांना सांगून झालं होतं. जेवणानंतर त्या माझ्या शेजारी चटईवर येऊन बसल्या, पण डाव्या बाजूला. (माझा डावा कान कसा गेला ते तू जाणतेस, मी कधी कुणाला सांगितलं नाही.) बाहेर कसीद्यांचं गायन मोठ्याने चाललं होतं. त्या खाली बघत काहीतरी लांबलचक बोलल्या. मला 'न्दार' एवढा एकच शब्द कळला. आपल्या गावची चौकशी करतायत असं समजून मी मान डोलावली: "हो, हो. छान आहे. देवाची कृपा." त्यांनी तोंडावर पदर घेतला. घरात कुजबुज झाली. मला उशी आली, थंड पाणी आलं, माझा चुरगळलेला अंगरखा इस्त्री होऊन आला. पोस्टातून बढतीने निवृत्त झालेल्या माणसाला शेवटी तूबात तरी कुणी ओळखलं, असं मला वाटलं.

मग त्यांची सून सेनाबू आली आणि उजव्या बाजूला बसली. तीस-बत्तीसची असेल. तिने विचारलं, "काका, कुठे पाहिलंत त्यांना?"

तेव्हा कळलं. याय दाबांचा मुलगा मामोर न्दारला मासेमारीच्या होडीवर होता. तीन वर्षांपूर्वी आपल्याच किनाऱ्यावरून मोठ्या होडीत बसून तो स्पेनच्या बेटांकडे निघाला. त्यानंतर काही नाही. ना फोन, ना चिठ्ठी, ना त्या होडीतला दुसरा कुणी परत आला. न्दारचा माणूस दारात आलेला बघून आईने विचारलं होतं: मामोरला ओळखतोस का, तो बरा आहे का? आणि मी म्हणालो होतो, छान आहे.

ताई, एकतीस वर्षांत मी एकही पत्र चुकीच्या दारात टाकलं नाही. त्या क्षणी मी म्हणायला हवं होतं, की मला ऐकू आलं नव्हतं. पण याय दाबा समोर उभ्या होत्या, आणि त्या सकाळी होत्या त्यापेक्षा उंच दिसत होत्या. मी म्हणालो, "तिकडे बेटांवर, भाच्याला भेटायला गेलो होतो तेव्हा. बंदरात. जरा बारीक झालाय." सेनाबूने विचारलं, अंगात काय होतं? मी म्हणालो, "निळा कोट." पितळी बटणं होती का? होती. काम मिळालंय? टोमॅटोच्या शेतावर. खोकला? गेला. मग याय दाबांनी विचारलं, "अजून तोतरं बोलतो का रे?" मी म्हणालो, "आता बरंच कमी झालंय." त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि परात उचलून आत गेल्या. दुसऱ्या सकाळी सेनाबूने हातांना मेंदी लावली होती. तीन वर्षांत पहिल्यांदा, असं शेजारीण मला म्हणाली. मला नाश्ता गेला नाही. (तू हे वाक्य पुन्हा वाचशील. पुन्हा वाच. गेला नाही.)

निघून जायचं ठरवून मी पिशवी भरली होती, पण दुपारी सेनाबूचे वडील आले. मसाम्बा नाव, उंच, शांत माणूस, पांढऱ्या दाढीचा. ते लेकीला घेऊन जायला आले होते. तीन वर्षं झाली, नवऱ्याचा पत्ता नाही, दुसरं स्थळ चांगलं आहे, सगळं रीतसर. याय दाबांनी सहा महिन्यांपूर्वीच जड मनाने हो म्हटलेलं. चहाची पहिली फेरी झाली आणि सेनाबू म्हणाली, "बाबा, मी येणार नाही. ते जिवंत आहेत. या काकांनी पाहिलंय." आणि माझ्याकडे वळून, "काका, सांगा ना यांना."

मसाम्बा म्हणाले, "न्जाय, तुम्ही वडीलधारे आहात. तुम्ही सांगाल ते मी मानीन आणि आल्या पावली परत जाईन."

मी उठून उभा राहिलो. म्हणालो, "माझा डावा कान बहिरा आहे. आईंनी काय विचारलं ते मला ऐकू आलं नव्हतं. नंतर आलं, तेव्हा खरं बोलायची हिंमत झाली नाही. तुमच्या जावयाला मी कधीच पाहिलेलं नाही. तो आहे की नाही, मला माहीत नाही. हे घरसुद्धा माझ्या नातलगाचं नाही."

सेनाबूने किटली खाली ठेवली.

"मग तो निळा कोट कुणाचा, काका?"

"माझा," मी म्हणालो. "पोस्टातला."

ती हातांकडे बघत राहिली. मसाम्बा हळूच म्हणाले, "चल पोरी. सामान आण."

"नाही," ती म्हणाली. "काल यांच्या 'हो'वर राहणार होते, आता यांच्या 'नाही'वर निघू? बाबा, या माणसाला स्वतःच्या भावाचं घर सापडलं नाही, भलत्याच्या दारात मेंढा देऊन बसला! याच्या शब्दावर माझा संसार ठरायचा?" मग आवाज खाली आला. "तीन वर्षं सगळे वाट बघतायत. कुणी विचारलंय का कुठे? कुठल्या दवाखान्यात, कुठल्या कचेरीत, कागदावर? मी स्वतः विचारणार. जे असेल ते कळू दे. मग मी ठरवीन."

मसाम्बांनी चहाची दुसरी फेरी घेतली. जाताना म्हणाले, "पुढच्या मागालपर्यंत. मग तू म्हणशील ते." फाटकाशी ते माझ्यापाशी थांबले. वाटलं, आता बोलणार. पण त्यांनी नुसता हात हातात घेतला आणि सोडला. ते मला जास्त लागलं.

तिसऱ्या फेरीचा चहा सगळ्यांना मिळाला, मला नाही. मी पिशवी उचलली, तशी सेनाबू म्हणाली, "कुठे निघालात? पोस्टात होतात ना? बसा. लिहा."

तेव्हापासून लिहितो आहे. बेटांवरच्या दवाखान्यांना, नोंदणीच्या कचेऱ्यांना, आजवर अकरा पत्रं. ती सांगते, मी फ्रेंचमध्ये उतरवतो, मग ती प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून घेते. 'सविनय' हा शब्द तिने सगळीकडे खोडला. माझ्याशी ती कामापुरतंच बोलते, आणि मला तक्रार करायला जागा नाही.

परवा सकाळी याय दाबा बाजरी चाळत होत्या. मी उजवा कान करून बसलो. त्या म्हणाल्या, "माझा मामोर तोतरा नव्हता रे कधी. घडाघडा बोलायचा."

मी विचारलं, "मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तू सांगत होतास," त्या म्हणाल्या. "तो बंदरात उभा होता, कोट घालून. थांबवावंसं वाटलं नाही मला." चाळण जरा वेळ चालली. "पण पोरीच्या मेंदीचं माझ्या लक्षात यायला हवं होतं. तो दोष तुझ्या एकट्याचा नाही."

गलायला सांग, मी जिवंत आहे आणि लाजलेला आहे. मेंढ्याबद्दल त्याची माफी मी स्वतः मागेन.

तुझा भाऊ,
बिराम

ता. क. : वर लिहिलंय की मी उठून उभा राहिलो. ते वाचून तुला माझा अभिमान वाटण्याआधी सांगतो, पाय बधिर झाला होता म्हणून उठलो. मी मागच्या दाराकडेच निघालो होतो. पण उठल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले. बोललो ते मात्र जसंच्या तसं लिहिलंय.

ता. क. : खरं काम आता सांगतो. तुझा इद्रिसा तिकडेच, त्या बेटांवर टोमॅटोच्या शेतावर आहे. सोबत मामोरचा फोटो ठेवलाय, मागे होडी निघाल्याची तारीख आणि त्याचं पूर्ण नाव आहे. इद्रिसाला पाठव. बंदरावर, कबरस्तानात, जिथे नोंदवह्या असतात तिथे विचार म्हणावं. तू सांगितलंस तर तो जाईल. मी सांगितलं तर बघतो म्हणेल.

ता. क. : बातमी वाईट निघाली तर तशीच लिहायला सांग. आईला बरं वाटावं म्हणून एक शब्द बदलायचा नाही. आणि पाकिटावर माझं नाव नको, सेनाबू जोपचं घाल. ते ती स्वतः फोडणार आहे.