हिरव्या शाईतला स्वाध्याय

महाल, नागपूर
१८ ऑगस्ट १९७४

चि. प्रेमिला हीस अनेक आशीर्वाद.

नावाआधी सवयीनं 'सौ.' लिहून खोडलंय. डाग दिसेल, माफ कर. इकडे ठीक. नळाला पाणी दिवसाआड येतं, माझी मतं रोज येतात.

तू वर्ध्याला माहेरी जाताना म्हणालीस, गिरिधर गेल्याचं पुण्याच्या आगटे सरांना कळवा, त्याचा टपालानं चालणारा स्पॅनिशचा अभ्यास बंद करा. मी 'कळवलं' म्हणालो. कळवलं नाही.

हिंगण्याच्या कारखान्यातल्या स्पॅनिश यंत्राची पुस्तिका वाचायला तो ही भाषा शिकायचा, तेव्हा धाकट्या भावाची मी यथेच्छ टर उडवली. आता सहा महिने त्याच्या नावानं स्वाध्याय मीच धाडतो. पोस्टमन दारात 'गिरिधर!' असं पुकारतो, एवढंच कारण.

तुझी जाऊ म्हणते, "मेल्या माणसाले पास करून काय भेटून राहिलं तुमाले?"

भाषा मात्र हिशेबी. घडलेलं सांगायला क्रियापदाचं एक रूप, इच्छा आणि भीती सांगायला दुसरंच. 'होणं'ही एका शब्दात भागत नाही. रागानं लाल होणं वेगळं, कष्टानं डॉक्टर होणं वेगळं, आणि काही घडून गेल्यावर एकटं होणं आणखी वेगळं. या शेवटच्यात मला पैकीच्या पैकी मिळाले.

काल सरांचं टपाल आलं. लिहितात, "एकाच धड्याची दोन उत्तरं का पाठवलीत?" दोन्ही आपापल्या पाकिटांसकट परत जोडली होती. निळ्या शाईतलं माझं. हिरव्यातलं मी लिहिलेलं नाही. अक्षर गिरिधरचं. इच्छा व्यक्त करणारं वाक्य लिहा, या प्रश्नाला मी लिहिलं होतं, 'पाऊस यावा.' हिरव्या शाईत होतं, 'दादानं थांबू नये.'

त्याच्या वह्या, हिरवी दौत, सगळं तुझ्याकडे आहे. तू त्याच्याजवळ बसून अक्षर गिरवायचीस. तूच ना गं? घरात मी तसं छातीठोक सांगितलंय. हिरव्या उत्तराच्या पाकिटावर शिक्का वर्ध्याचा नाही, आपल्याच महाल टपाल कचेरीचा आहे, पण ते असो.

पुढचा धडा सत्तावीस तारखेला धाडायचा आहे. ते उत्तर तुझं असेल तर एक कार्ड टाक, मी सरांना खरं कळवून सगळं थांबवीन. नसेल, तर काही लिहू नकोस. मी धडे पाठवत राहीन.

पत्राची वाट पाहतो असं लिहायची रीत आहे. ते येऊ नये असं वाटणारा,
अनंत