लवकर आलेली हाडं

प्रिय टिल्लू,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. नेहमीसारखं उघडून परत चिकटवलेलं, आणि कोपऱ्यात तो जांभळा शिक्का, ‘तपासले’. तुमच्या तुरुंगात एवढं नेमाने दुसरं कुठलं काम होत असेल असं वाटत नाही. तू लिहिलं आहेस की केसबद्दल एक अक्षर लिहू नकोस, तुझ्या काटेवाल्यांची खबर कळव. बापाच्या खुनाच्या आरोपात बसलेला सहा फुटी माणूस दर पत्रात सी-अर्चिनची चौकशी करतो. वाचणाऱ्यांना वाटत असेल, ही काही सांकेतिक भाषा आहे. नाही हो, खरंच सी-अर्चिन. समुद्राच्या तळाशी राहतात, मुठीएवढे असतात, अंगभर काटे. माझं पोट त्यांच्यावर चालतं.

तर खबर. गेल्या आठवड्यात बारा जणांना सुई टोचली. तोंडाभोवतीच्या मऊ कातडीतून खारं पाणी आत सोडायचं, हातात धरून गदागदा हलवायचं आणि काचेच्या भांड्यावर पालथं घालायचं. मादी असली तर नारिंगी अंडी येतात, नर असला तर दुधासारखी धार. प्रयोगशाळा बघायला आलेले पाहुणे तिथे तोंड फिरवतात. मी फिरवत नाही. आपल्या घरात वाढलेल्या माणसाला गदागदा हलवण्याचं काय विशेष.

या अंड्यांतून जे पिल्लू निघतं ते डोळ्यांना धड दिसतही नाही, पण त्याला चार हात असतात आणि चारही हातांत चुन्याच्या बारीक काड्या. हाडंच म्हण. यांचा चुलतभाऊ तारामासा, त्याचं पिल्लू मात्र मऊ, बिनहाडाचं. त्याचा सांगाडा मोठेपणी येतो. गंमत अशी की सांगाडा बांधणारी जनुकं दोघांकडेही आहेत, जवळजवळ तीच. काटेवाल्यांच्या खानदानात कोट्यवधी वर्षांपूर्वी ती वेळेआधी चालू व्हायला लागली, एवढाच फरक. नवीन काही लागलं नाही. मोठ्यांचा सांगाडा बाळाच्या अंगात लवकर आला. मी हे व्याख्यानात सांगते तेव्हा लोक माना डोलावतात. मला दर वेळी अकरा वर्षांचा तू दिसतोस.

मी घरात होते तोवर मध्ये उभं राहायचं काम माझं होतं. बाबा कामावरून आले की पान्यांची पिशवी दारात आपटायचे, आणि त्या आवाजावरून मला कळायचं आज काय वाढून ठेवलंय. एवढा नावाजलेला प्लंबर, लोकांचे नळ दुरुस्त करायचा आणि आपल्या स्वयंपाकघरातला नळ बारा महिने ठिबकत असायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आधी मी रेडिओ मोठा करायची, तुला ऐकू जाऊ नये म्हणून. मग आईकडे पाठ करून तिच्या पुढ्यात उभी राहायची. माझा खालचा ओठ दोनदा फाटला. एकदा कानाखाली अशी बसली की डाव्या कानाचा पडदा गेला. अजून त्या बाजूने कुणी बोललं की मी नुसती हसते.

मग मला शिष्यवृत्ती मिळाली आणि मी गेले. अठराव्या वर्षी, एक बॅग घेऊन, सुटले एकदाची म्हणत. पंधराच दिवसांनी तू रेडिओ मोठा केलास आणि माझ्या जागेवर जाऊन उभा राहिलास. त्यांनी तुझा उजवा हात पिरगाळून मागे नेला, दाराच्या फटीत घातला आणि अंगाचा सगळा भार दारावर टाकला. आई म्हणते, खांद्याजवळचं हाड मोडलेलं तिला रेडिओच्या आवाजातही ऐकू आलं. दवाखान्यात चौथ्या दिवशी नेलं, सायकलवरून पडला असं सांगून. हाड वाकडं जुळलं. तेव्हापासून तुझा तो हात खांद्याच्या वर जात नाही. शर्ट घालताना तू आधी उजवी बाही चढवतोस आणि वरच्या फळीवरचा डबा डाव्या हाताने काढतोस. आईने मला हे फोनवर सांगितलं तेव्हा मी काय म्हणाले, आठवतं का तिला विचार. परीक्षा आहे म्हणाले.

आता मी रोज काय करते ते ऐक. पिल्लू तयार होत असताना त्यात सांगाडा बांधणाऱ्या थोड्याच पेशी असतात, मोजता येतील एवढ्या. काचेच्या बारीक नळीने मी त्या सगळ्या ओढून काढते. पिल्लू बिनहाडाचं राहायला हवं. राहत नाही. ज्यांना पुढे अंगाचा रंग व्हायचं होतं अशा दुसऱ्या पेशी आपलं काम टाकून येतात, तीच जनुकं स्वतःत चालू करतात आणि सांगाडा उभा करतात. पहिल्या पेशी आपल्या जागेवर असतात तोवर या गप्प असतात. तुला दुकानांच्या पाट्या रंगवायच्या होत्या, टिल्लू. रंगांचे डबे पलंगाखाली वाळून गेले आणि तू त्याच माणसाच्या हाताखाली पाइप वाकवायला लागलास, कारण घरात कुणीतरी असायला हवं होतं. पेशी आणि माणसं सारखी नसतात हे मला कळतं. पेशी पळून जात नाही.

तू नको म्हणालास तरी त्या दुपारचं लिहिते. सात महिने झाले. मी चार दिवसांसाठी घरी आले होते, तुझी बायको लेकीला घेऊन माहेरी गेली होती आणि नळ अजून ठिबकत होता. मी दीडशहाणी. आईला बरं वाटेल म्हणून बाहेरचा प्लंबर बोलावून तो दुरुस्त करून घेतला. बाबा जेवायला आले, हात धुतले, नळ बंद केला आणि वाट बघत उभे राहिले. एक थेंब पडला नाही. मी केलंय हे माझ्या तोंडून निघेपर्यंत आईचे केस त्यांच्या मुठीत होते आणि तिचं तोंड बेसिनच्या काठावर आदळलं होतं. दोनदा. तिचे दोन दात बेसिनमध्ये पडले, ते अजून डोळ्यांसमोर आहेत. मोठा पाना दारामागच्या खिळ्याला होता. मी तो दोन्ही हातांनी उचलला आणि वरून त्यांच्या माथ्यावर घातला. पहिल्या फटक्याला ते खाली बसले. बसलेल्या माणसाला मी आणखी तीनदा मारलं, लोखंडाखाली काही कडक लागेनासं होईपर्यंत. आईला वाचवायला पहिला पुरला होता. बाकीचे तीन मला मारायचे होते म्हणून मारले.

तू आलास, माझ्या हातातून पाना काढून घेतलास, माझे ठसे जावेत म्हणून धुतलास, परत रक्तात बुडवलास आणि म्हणालास, ‘ताई, तू बाजारात होतीस.’ आणि मी कपडे बदलून, अंगातला शर्ट पिशवीच्या तळाशी कोंबून खरंच बाजारात गेले. किलोभर कांदे घेऊन आले, तेव्हा दारात पोलीस उभे होते. आईला तू जे पढवलंस ते ती अजून पोपटासारखी बोलते. तिची तरी काय चूक, दोन्ही डोळे तिचेच, फोडणार कुठला.

परवा वकीलबाई म्हणाल्या की सोमवारी तू गुन्हा कबूल करणार आहेस. दहा वर्षं तरी नक्की. खोटं कशाला बोलू, ते ऐकूनही मी गप्प राहिले. पण काल संध्याकाळी घरी गेले होते. दूध उतू गेलं म्हणून आई आणि तुझी बायको एकमेकींवर तणतणत होत्या, घरोघरी होतं तसंच. तुझी चिमणी खाली बसून खेळत होती. ती उठली, टीव्हीचा आवाज मोठा केला आणि आजीकडे पाठ करून, हात पसरून दोघींच्या मध्ये उभी राहिली. चार वर्षांची पोर, टिल्लू. तिला हे कुणी शिकवलेलं नाही. तू होतास तोवर तिला तिथे उभं राहावं लागलं नव्हतं. दोघी गप्प झाल्या तरी ती हात खाली घेईना. मला तिथे बसवेना.

म्हणून हे पत्र, आणि ते आधी तुला नाही. जांभळा शिक्का मारणारे जे कुणी असाल, साहेब किंवा बाई, हे तुम्हाला आहे. आजवर तुम्ही आमची सगळी पत्रं नीट वाचलीत, हेही वाचा. मी नुसतं तोंडाने सांगितलं तर भाऊ म्हणेल, ताई मला सोडवायला खोटं बोलते, आणि आई त्याची री ओढेल. तेव्हा तपासूनच घ्या. पहिला घाव उभ्या माणसाच्या माथ्यावर, उजवीकडून, वरून आलेला आहे, असं डॉक्टरांनी लिहिलंय. माझ्या भावाला उजवा हात वर करायला सांगा. तो कबूल करतोय म्हटल्यावर आजवर कुणी त्याला हे करायला सांगितलेलं नाही. आणि आमच्या प्रयोगशाळेतल्या मोठ्या फ्रीजरच्या तिसऱ्या खणात ‘काटेवाले, नर’ असं लिहिलेला डबा आहे. त्यात त्या दुपारचा माझा निळा शर्ट आहे, न धुतलेला. आमच्याकडे नमुना फेकत नाहीत. हे पत्र वर दाखवा आणि मग त्याला द्या. हे पेटीत टाकून मी सरळ पोलीस चौकीत जातेय. टिल्लू, आता मध्ये पडू नकोस. ती जागा माझी होती, मी परत घेतलीय. घरी गेलास की पहिल्यांदा टीव्हीचा आवाज कमी कर.

तुझीच,
आता तरी थोरली,
ताई